पांढऱ्या तिळाच्या पोटात

१

तिळाच्या पानावर भुरी पडली ही काही पोलिसात जाण्यासारखी गोष्ट नव्हे, असं मला तरी वाटत होतं. पण सुरभीने ते पान आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि ती रडायलाच लागली. हिरव्यागार पानावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर होता.

"बाई, माझं बियाणं कोणीतरी बदललंय," ती म्हणाली.

बाई म्हणजे माझी बायको, श्यामला. पेणच्या शाळेत तिने जीवशास्त्र शिकवलं आणि मी चित्रकला. निवृत्त झाल्यापासून मी गणपतीच्या मोसमात हमरापूरला जाऊन मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो आणि ती लोकांच्या भानगडी उकलते. शाळेची हरवलेली पेटी तिने शोधली. शेजारच्यांच्या गच्चीवरून पोह्याचे पापड पळवणारा चोर तिने शोधला. तो माकड नव्हता, जावई होता. मी लपवलेले पेढे तर ती दर आठवड्याला शोधते. आमच्या घरात मधुमेह मला आहे आणि नाक तिला.

सुरभी तिची लाडकी विद्यार्थिनी. आता कृषी महाविद्यालयात पीएच.डी. करते. तेलबियांना रोग का होतात आणि एखाद्याच झाडाला का होत नाहीत, तो गुण पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो, हा तिचा विषय. भुरी ज्याला शिवत नाही असा एक पांढरा तीळ तिने कितीतरी वर्षं खपून तयार केला होता. त्याचा प्लॉट गागोदे बुद्रुकच्या अलीकडे तिच्या आजोबांच्या वरकस, म्हणजे भाताला न चालणाऱ्या उताराच्या जमिनीवर होता.

"गेल्या वर्षी अख्खा प्लॉट स्वच्छ होता, बाई. ते बी मी माझ्या हाताने झोडलं, ओळीवार पुड्या केल्या, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. यंदा तेच पेरलं. आणि यंदा हे!"

"दुसऱ्या कुठल्या तिळाशी संकर झाला असेल."

"मी पण आधी तेच म्हटलं. पण तिकडे आता तीळ करतंच कोण? पेरणीआधी मी घरोघर विचारून आले होते. सगळे भात आणि वाल. म्हणून तर मी फुलांना पिशव्या बांधल्या नाहीत. आपल्या पावसात पिशवीत फूल कुजतं."

"ट्रंकेची किल्ली?"

सुरभीने डोळे पुसले. "एक माझ्याकडे. एक नाथादादाकडे."

नाथा म्हणजे तिच्या आजोबांचा शेजारी. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करतो आणि उरल्या वेळात तिचा प्लॉट राखतो. सख्खा भाऊ नसल्यामुळे सुरभी लहानपणापासून त्यालाच राखी बांधते.

"माझे गाईड म्हणतात, सरळ चोरी आहे. चांगलं बी विकलं आणि पुड्यांमध्ये बाजारचा तीळ मिसळला. सर्वपित्री अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी ते येणार आणि मी नाथादादावर पोलिसात तक्रार द्यायची. बाई, तक्रार झाली की त्याचा गेटपास गेला. कंपनीत पोलिसांचा दाखला लागतो. आत्ताच कुठे मुलगी झालीय त्याला."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तो नाही. पण मला वाटण्याला शास्त्र म्हणत नाहीत."

श्यामलाने ते पान चष्म्याजवळ नेलं, मग तिच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

"शास्त्राचं मी बघते. तू आधी खा."

आणि मला म्हणाली, "अहो, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना?"

२

प्लॉटच्या एका अंगाला डांबरी रस्ता होता आणि दुसऱ्या अंगाला ओढा. ओढ्यापलीकडे तेरडा आणि गवत असं माजलं होतं की म्हैस आत शिरली तर शिंगंसुद्धा दिसू नयेत.

श्यामला झाडाझाडापाशी वाकत फिरली. मी मात्र रस्त्याच्या कडेला उभा राहून डोळे बारीक करून पाहिलं. चित्रकाराची ती खोड असते. डोळे बारीक केले की तपशील पुसले जातात आणि नुसते रंग उरतात.

"पेन्सिलीने शेडिंग केल्यासारखं दिसतंय," मी म्हणालो. "ओढ्याकडे भुरी दाट, इकडे येता येता विरळ, आणि रस्त्याकडे जवळजवळ नाहीच."

श्यामला थबकली. "सुरभी, ओळी कशा लावल्यास?"

"गेल्या वर्षीच्याच क्रमाने. ओढ्याकडच्या ओळीचं बी यंदा ओढ्याकडे, रस्त्याकडचं रस्त्याकडे. प्रत्येक ओळीला खुंटी आहे."

"ओढ्याकडे ओल जास्त, म्हणून तिकडे रोग जास्त, असं असेल का?" मी शहाणपणा केला.

"ओलीने रोग वाढला असता तर त्या ओळीतल्या सगळ्याच झाडांवर वाढला असता," श्यामला म्हणाली. "इथे एकाच ओळीत एक झाड पांढरंफटक आणि त्याला खेटून दुसरं लख्ख. आणि अजून एक गंमत बघा. आजारी झाडंच ताठ उभी आहेत. निरोगी बिचारी पावसाने वाकलीत."

ते खरं होतं. भुरीने माखलेली झाडं उंच आणि दणकट होती. आजाऱ्यांनी असं धडधाकट असणं मला जरा बेशिस्तीचं वाटलं.

सुरभीच्या आजोबांना सगळं गाव दाजी म्हणतं, म्हणून तीही दाजीच म्हणते. त्यांनी पडवीत बसवून आम्हाला बिनदुधाचा चहा दिला. भिंतीवर त्यांच्या बायकोचा, गिरजाबाईंचा फोटो होता. तेरड्याच्या फुलांचा ताजा हार घातलेला. खालच्या फळीवर एक पितळी डबी होती. मी कप ठेवताना माझं कोपर लागलं, डबी उलटली आणि काळे तीळ जमिनीवर पसरले.

मी ओशाळलो. दाजींनी मात्र एकेक दाणा बोटाला चिकटवून डबीत परत टाकायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या मास्तर, मी वेचतो. तिच्या अवसेचे हाईत. भटजींनी सांगितला, काला तील नि पानी दर अवसेला द्यायचा. तवापासून चुकवला नाय."

"दुकानातून आणता?" श्यामलाने विचारलं.

"नाय, घरचेच."

श्यामलाने मान डोलावली आणि चहा प्यायली.

नाथा शिफ्ट करून थेट आला होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. बोलताना तो सुरभीकडे बघत नव्हता, आणि सुरभी त्याच्याकडे बघत नव्हती.

"पोरीची शपथ घेऊन सांगतो बाई, मी बियाना बदलला नाय. ट्रंकेला हात पन लावला नाय."

"मग मान खाली का घातलीस, नाथा?"

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला.

"सुरभीनं बरीच कामं सांगितली होती," शेवटी तो म्हणाला. "त्यातला एक मी केला नाय."

"कोणतं काम?"

नाथाने पडवीतून आत एकवार पाहिलं. आत दाजी आमच्यासाठी भोपळा बांधत होते.

"ता नाय सांगनार. माझ्यावर तक्रार केलीत तरी चालंल."

३

"त्यानेच केलंय," परतताना मी म्हणालो. "तोंडावर लिहिलं होतं."

"तोंडावर लिहिलं होतं की तो काहीतरी लपवतोय. काय लपवतोय ते लिहिलं नव्हतं. उद्या रोह्याला जायचंय."

रोह्याला यज्ञेशचं बियाणांचं दुकान. गेल्या वर्षभर तो सुरभीच्या मागे लागला होता, मॅडम, थोडंसं बी द्या, थोडंसं द्या. तिने दिलं नव्हतं. मुंबई-गोवा रस्त्याबद्दल बोलायचं नाही असं आमच्या घरात ठरलं आहे, नाहीतर माझा रक्तदाब वाढतो. एवढंच सांगतो की रोह्याला पोचलो तेव्हा श्यामलाचा अंबाडा सुटला होता आणि माझी कवळी हलत होती.

यज्ञेश गोड बोलणारा माणूस. त्याने खुर्च्या पुसल्या, थंड मागवलं.

"तो तीळ? छे हो बाई. मी तर त्या प्लॉटकडे फिरकलोही नाही."

"नाही ना? मग प्रश्नच मिटला. जरा हात धुवायला जागा आहे का मागे?"

मी तिला ओळखतो. श्यामलाला हात धुवायचे असले की समोरच्याने देव आठवावेत. दोन मिनिटांत मागच्या अंगणातून तिची वर्गात घुमायची तीच हाक आली.

"यज्ञेश! इकडे ये!"

मागच्या अंगणात तेलाचे दोन रिकामे डबे माती भरून ठेवले होते आणि दोन्हींत तीळ उभा होता. डाव्या डब्यातली झाडं स्वच्छ. उजव्या डब्यात निम्म्याअधिक झाडांवर भुरी.

यज्ञेशला घाम फुटला. "बाई, चोरी म्हणू नका. गेल्या वर्षी बोंडं पिकली तेव्हा तिकडून जात होतो, मोह झाला. चार बोंडं तोडली."

"झाडावरून?"

"झाडावरूनच. काढणीच्या आदल्या दिवशी."

"दोन डबे कशाला?"

तो लाजला. "आधी रस्त्याकडची दोन तोडली, शर्टाच्या खिशात टाकली. मग ओढ्याकडे जरा… जावं लागलं. तिकडची दोन पँटच्या खिशात. म्हटलं, वेगळी लावून बघू, कुठलं चांगलं येतं."

"आणि डावा डबा कुठला?"

"रस्त्याकडचा."

श्यामलाने त्या चोराच्या पाठीवर अशी थाप मारली जणू तो बोर्डात आला होता.

"उद्या अमावस्या. सकाळी दहा वाजता हे दोन्ही डबे घेऊन गागोद्याच्या रस्त्याला दाजींकडे यायचं. नाही आलास तर ते थंड मी सुरभीच्या नावावर प्यायले असं समज."

याचा अर्थ त्यालाही कळला नाही आणि मलाही. पण तो येणार हे दोघांनाही कळलं.

"चोर सापडला," स्कूटरवर बसताना मी म्हणालो.

"चोर सापडला, पण आपण शोधतोय ती चोरी त्याची नव्हे," ती मागून ओरडली, कारण वारा होता. "अहो, विचार करा. त्या डब्यांतलं बी ट्रंकेत कधी गेलंच नाही. झाडावरून थेट खिशात गेलं. तरीही ओढ्याकडचं बिघडलेलं आणि रस्त्याकडचं चांगलं!"

मी स्कूटर कडेला थांबवली. "म्हणजे ट्रंकेत जायच्या आधीच, झाडावर असतानाच बी बिघडलं होतं. मग नाथा सुटला की!"

"किल्लीपुरता सुटला. त्याने काम केलं नाही म्हणाला ना, ते अजून आहे. गाईडला नुसतं 'हा नाही' सांगून भागत नाही, मग कोण ते सांगावं लागतं. तुमचं ते शेडिंग, ते ओढ्याकडून दाट होत गेलंय ना?"

"हो."

"मग ओढ्यापलीकडे काय आहे?"

"गवत."

"नुसतं?" ती म्हणाली. आणि पेण येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आमच्या संसारात हे फार कमी वेळा घडलंय, म्हणून मला काळजी वाटली.

४

सर्वपित्री अमावस्येच्या सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. सुरभी घरात आवरत होती. आम्ही लवकर पोचलो, पण दाजी पडवीत नव्हते आणि फळीवरची पितळी डबीही नव्हती.

श्यामला ओढ्याकडे निघाली. मी चपला हातात घेऊन तिच्या मागे, कारण दगड शेवाळलेले होते आणि या वयात पडलं की माणूस थेट अस्थितज्ज्ञाकडे जातो. ओढा ओलांडून तेरड्यातून एक बारीक पायवाट आत गेली होती. ती बाहेरून दिसत नव्हती.

आत एक सपाट काळा दगड होता. दाजी त्याच्यापुढे उकिडवे बसले होते. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन, त्यात डबीतले तीळ टाकून, ते हळूहळू सोडत होते. ते बोलत होते.

"गिरजे, पोरगी रडतंय गो. चार दिस जेवली नाय. नाथावर चोरीचा आल घेतात. तो तसा नाय, तुला ठाव हाय. तू कायतरी कर."

श्यामलाने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघं तिथेच थांबलो. दाजींचं बोलणं पुरं होईपर्यंत ती एक पाऊल पुढे गेली नाही. बायकोवर आपलं प्रेम का आहे हे रोज आठवत नाही. त्या सकाळी मला ते स्पष्ट आठवलं.

मग मी दगडाच्या आजूबाजूला पाहिलं, आणि पाहतच राहिलो. तेरड्यात मिसळून, कमरेएवढी, ताठ उभी, बोंडांनी लगडलेली तिळाची झाडं होती. खालच्या पानांवर भुरी होती. शेंड्याच्या उरल्यासुरल्या फुलांत मधमाश्या शिरत होत्या आणि बाहेर पडून ओढ्यावरून पलीकडे जात होत्या.

"दाजी," श्यामला मऊ आवाजात म्हणाली, "जरा बसू का तुमच्याजवळ?"

ते दचकले नाहीत. सरकून त्यांनी तिला जागा दिली.

"इथं बसून भाकर खायची ती. लावनीच्या दिसांत. मी म्हनायचो घरी चल, तर नाय. इथंच गार लागतं म्हनायची."

"ही झाडं पेरलीत तुम्ही?"

"पेरतो कशाला? पावसाल्याच्या अवसांना देतो ना तील-पानी, ता उगवतो. पयल्यांदा उगवला तवा मला वाटला, तीच आली भेटायला. उपटायचा कसा बाई? तिच्या नावानं पडलेला दाना. पिकला की तोच डबीत भरतो, वर्सभर तिला देतो."

"सुरभीने विचारलं होतं ना, तीळ आहे का कुणाकडे?"

दाजींनी तिच्याकडे निरागसपणे पाहिलं. "तिनं पिकाचा विचारला. ह्या काय पीक नाय. ह्या पितरांचा हाय."

५

दहा वाजता प्लॉटच्या बांधावर सगळे जमले. सुरभी, दाजी, निळ्या शर्टातला नाथा, आणि मोटारसायकलच्या मागे दोन डबे बांधून आलेला यज्ञेश. बांधावर उभी राहून श्यामलाने असा चष्मा सारखा केला, की मी नकळत हाताची घडी घातली.

"बियाणं कोणी बदललेलं नाही," तिने सांगितलं. "हा यज्ञेश त्याचा साक्षीदार आहे. चोर आहे, पण साक्षीदार चांगला आहे."

तिने डब्यांची गोष्ट सांगितली. यज्ञेशने मान खाली घालून ती खरी असल्याचं कबूल केलं. सुरभीच्या चेहऱ्यावर एक रंग आला आणि गेला.

"पण मग बिघडलं कशाने, बाई?"

"तूच सांग. त्या ओढ्याकडच्या ओळीत जा. भुरीवालं एक झाड धर आणि अगदी खालचं, पिकलेलं बोंड फोड. तू या महिन्यात पानं मोजत बसलीस, रडत बसलीस, पण बोंड फोडलं नाहीस."

सुरभी गेली. बोंड तोडून तिने तळहातावर उलटं केलं आणि तिथेच खाली बसली.

"काळे," ती म्हणाली. "बाई, मी पांढरे पेरले होते. आत काळे आहेत!"

"बाजारचा पांढरा तीळ मिसळला असता तर?"

"तर आत पांढरेच निघाले असते." ती उठली. आता ती रडत नव्हती, तिचे डोळे चमकत होते, आणि शब्द एकावर एक येत होते. "दाण्याचं साल आई-झाडाचं असतं. गेल्या वर्षी आई माझी पांढरी होती, म्हणून दाणे पांढरे दिसले. बाप कोण ते सालावरून कळतच नाही! दाणा पेरला, झाड झालं, त्या झाडाला बोंड आलं, तेव्हा बापाचा काळा रंग बाहेर आला. आणि भुरी न लागण्याचा गुण अप्रभावी असतो; तो आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. काळ्या बापाकडे तो नव्हता, म्हणून या झाडांना भुरी लागली. संकर झाला म्हणून ती दणकटही झाली. मधमाश्यांनी केलंय हे! जवळच्या ओळींत जास्त, लांबच्या ओळींत कमी. पण…" ती थांबली. "पण काळा तीळ आहे कुठे इथे?"

नाथाने घसा साफ केला.

"तू मला सांगितली होतीस, लांबपर्यंत तिलाचा रोप दिसला तर उपटून टाक. एका जागी दिसली व्हती. ती मी उपटली नाय. मला वाटला, चार रोपांनी काय व्हनार."

"कुठे, दादा?"

नाथा दाजींकडे बघायचं टाळत राहिला. शेवटी दाजीच पुढे आले.

"आजीच्या दगडाजवल, गो. मी देतो तिला तील, ते उगवतात. म्हंजे… माझ्यानं झाला ह्या सगला?"

मी आयुष्यभर डोळे रेखाटत आलो. रागाचे, करुणेचे, सगळे डोळे मी काढलेत. त्या क्षणी दाजींचे जे डोळे होते ते मला कधी काढता येणार नाहीत.

सुरभीने नाथाकडे पाहिलं.

"आणि हे सांगायचं नाही म्हणून तू गेटपास घालवायला निघाला होतास?"

"दाजी रोज बोलतो तिथं तिच्याशी," नाथा म्हणाला. "मी कुठल्या तोंडानं सांगू? तू जाऊन उपटली असतीस."

सुरभीने त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून पुन्हा रडायला लागली. हे रडणं वेगळं होतं, म्हणून कोणी तिला गप्प केलं नाही.

मग ती दाजींजवळ गेली. त्यांचा हात धरून तिने त्यांना ओढ्याकडच्या ओळीत नेलं.

"दाजी, हे झाड बघा. कसं उभं आहे! माझा तीळ भुरीला हरत नाही, पण आपल्या पावसाला हरतो, आडवा होतो. आजीचा तीळ पावसाला हरत नाही. या झाडाच्या पोटात दोन्ही गुण आहेत, माझाही आणि आजीचाही. माझा आत्ता लपलाय एवढंच. याचं बी पेरलं की पुढच्या वर्षी चारांत एक झाड पुन्हा स्वच्छ निघेल."

"लपलेला परत येतो?" दाजींनी विचारलं.

"येतो, दाजी. जात नाही कुठेच."

दाजींनी ओढ्यापलीकडे पाहिलं आणि धोतराच्या सोग्याने नाक पुसलं.

गाईडसाहेबांना सुरभीने तिथूनच फोन लावला. ती काय बोलली ते मी सांगत नाही, पण नाथा, यज्ञेश आणि मी तिघंही जरा लांब जाऊन उभे राहिलो. तक्रार झाली नाही. दाजींनी सगळ्यांना जेवायला ठेवून घेतलं. पितरांच्या पानात वालाचं बिरडं होतं आणि खीर होती. श्यामलाने खिरीची वाटी माझ्यापुढून उचलली आणि यज्ञेशला दिली. चोराला खीर आणि नवऱ्याला ताक, हा तिचा न्याय.

६

पुढच्या वर्षी भाद्रपदात सुरभीने आम्हाला नव्या प्लॉटवर नेलं. आजारी झाडांच्या पोटातलं बी तिने पेरलं होतं. मी लांबून डोळे बारीक केले. शेडिंग नव्हतं. पांढऱ्या ठिपक्यांत हिरवे ठिपके सगळीकडे सारखे विखुरलेले होते.

"चारांत एक," श्यामला म्हणाली. पेपर तपासून पैकीच्या पैकी गुण देताना तिचा जो आवाज व्हायचा, तोच आवाज.

त्या हिरव्यांपैकी काही झाडं ताठ होती. सुरभीने त्यांतलं एक बोंड फोडलं. आत काळेभोर दाणे होते. त्यांतला निम्मा वाटा तिने पुडीत घातला आणि उरलेला दाजींच्या पितळी डबीत. प्रयोगाचं बी असं कोणी देत नसतं, पण श्यामला त्या वेळी मुद्दाम चष्मा पुसत होती.

दाजी डबी घेऊन ओढ्यापलीकडच्या दगडाकडे चालू लागले. त्यांना बरंच लांब जायचं होतं, कारण हा प्लॉट गावाच्या दुसऱ्या अंगाला, टेकडीपलीकडे होता. नाथाने कंपनीतून सुट्टी घेऊन ती नवी जमीन साफ केली होती. आता तो त्यांच्या मागोमाग तांब्या घेऊन निघाला.

"एवढी सगळी जमीन नव्याने काढलीस," मी सुरभीला म्हणालो. "त्यापेक्षा तो एक दगड उचलून इकडे तिकडे ठेवला असता तर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चित्रकलेचाच मास्तर राहिलो हे बरं झालं.

"सर," ती म्हणाली, "प्लॉट हलवता येतो. आजी कुठे हलवू?"